काचघरात जेवण: भाजी कमी, ऊब जास्त

पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना घातलेले 'म्हणजे' आणि 'बेसिकली' बरेचसे गाळलेत, आकडे एकदा परत तपासून घेतलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

हा भाग एका मेलमुळे झाला. नाशिकजवळच्या एका श्रोत्याने लिहिलंय की घरची द्राक्षबाग आहे, रस्त्याला लागून अर्धा एकर तुकडा मोकळा पडलाय, आणि तिथे काचेचं ग्रीनहाऊस बांधून आत रेस्टॉरंट काढायचंय. ताटातली भाजी तिथेच पिकणार, आणि एक हॉल गावासाठी, वाचनालय किंवा बचत गटाच्या बैठकांना. युरोपातले दोन-तीन फोटोही जोडलेत. शेवटची ओळ अशी: वडील कर्ज काढायला तयार आहेत, पण हे खरंच सस्टेनेबल आहे की नुसतं फोटोपुरतं?

प्रश्न एकदम रास्त आहे. मी आर्किटेक्ट नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पण त्या फोटोंपैकी एका इमारतीत मी बऱ्याचदा जेवलोय. कंपनीने काही महिने नेदरलँड्सला पाठवलं होतं, तेव्हा उट्रेख्त स्टेशनातून बाहेर पडलं की पाच मिनिटांवर ती होती. नाव 'द ग्रीन हाऊस'. त्यामुळे आज तिचंच पोस्टमॉर्टेम करू.

तर आधी इमारत काय आहे ते. २०१८ साली उघडलेलं दुमजली पॅव्हिलियन, डिझाईन 'सेपेझेड' या डच आर्किटेक्ट कंपनीचं. खाली रेस्टॉरंट, वर मीटिंगच्या खोल्या आणि साधारण ८० चौरस मीटरचं ग्रीनहाऊस, त्यात एकावर एक थर लावून भाजी आणि हर्ब. शेजारी लष्कराची जुनी 'क्नोप' बराक होती, तिचं सरकारी ऑफिस झालं. त्या कामात बराकीच्या दर्शनी भागाच्या धुरकट काचा निघाल्या, त्या इथे बाहेरच्या दुसऱ्या आवरणाला आणि ग्रीनहाऊसला लावल्या. खालची जमीन म्हणजे टील नावाच्या गावातल्या जुन्या नदीधक्क्याच्या भाजक्या विटा, दाबून बसवलेल्या वाळूवर नुसत्या मांडलेल्या. स्वयंपाकघरात गॅस नाही, सगळं विजेवर. आणि मुख्य गंमत ही की ही इमारत फक्त १५ वर्षांसाठी आहे. त्या जागेचं पुढे काहीतरी दुसरं व्हायचंय, म्हणून मधल्या काळासाठी हे.

फोटोत यातलं काय दिसतं? हिरवीगार पानं आणि काच. म्हणून सगळ्यांना वाटतं की मुद्दा भाजीचा आहे. चला, भाजीचाच हिशोब करू.

नेदरलँड्समधला कसलेला शेतकरी आधुनिक ग्रीनहाऊसमध्ये वर्षाला एका चौरस मीटरमागे ६० किलोच्या आसपास टोमॅटो काढतो. जगात हा फार वरचा आकडा आहे. समजा आपल्या ८० चौरस मीटरमध्ये तेवढं पीक आलं. म्हणजे ४,८०० किलो. ऐकायला भारी वाटतं. पण टोमॅटोच्या १०० ग्रॅममध्ये असतात १८ किलोकॅलरी. गुणून बघा, वर्षाचे होतात ८ लाख ६४ हजार. एका माणसाला दिवसाला २,००० धरले तर वर्षाचे लागतात ७ लाख ३० हजार. म्हणजे त्या अख्ख्या ग्रीनहाऊसवर एक माणूस वर्षभर जगेल. एक! आणि तोही नुसते टोमॅटो खाऊन.

थर वाढवले तर? वाढवा की. पण एकावर एक थर रचला की खालच्या थराला सूर्य दिसत नाही, तिथे एलईडी लावावे लागतात. मग फुकटच्या उन्हाऐवजी विजेच्या बिलावर भाजी पिकते. कोथिंबीर, तुळस, मायक्रोग्रीन अशा महाग आणि नाजूक मालाला ते परवडतं. पोटभर खायच्या गोष्टी, भात, गहू, डाळ, बटाटा, तेल, या सगळ्या बाहेरूनच येणार. छतावरचं ग्रीनहाऊस ताटाच्या वरची कोथिंबीर देतं, ताट देत नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ताज्या पाल्याची चव वेगळी असतेच, शिवाय गिऱ्हाईक ते बघायला येतं. फक्त प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'स्वयंपूर्ण रेस्टॉरंट' असं लिहू नका, बँकेच्या साहेबाला गुणाकार येत असला तर पंचाईत.

जिथे हे प्रामाणिकपणे करतात तिथे शेत वेगळं ठेवतात. ॲमस्टरडॅममध्ये 'डे कास' म्हणून रेस्टॉरंट आहे. 'कास' म्हणजेच ग्रीनहाऊस. महापालिकेच्या रोपवाटिकेचं १९२६ सालचं, आठ मीटर उंच काचघर पाडायच्या बेतात होतं. मिशेलिन स्टार मिळवलेले शेफ खेर्ट यान हागेमान यांनी ते वाचवलं आणि २००१ साली तिथे रेस्टॉरंट उघडलं. आज जे निघालं तेच शिजणार, मेनू ठरलेला. पण त्यांची बरीचशी भाजी येते शहराबाहेरच्या बीमस्टर पोल्डरमधल्या स्वतःच्या शेतातून. बीमस्टर म्हणजे १६१२ साली तळं उपसून काढलेली जमीन. काचघर आहे जेवायला बसायला आणि थोडं पिकवायला. शेती शेतात.

मग काचघराचा उपयोग काय? आता येतो माझा आवडता भाग. उष्णता.

शाळेत शिकवतात की काच ऊन आत येऊ देते आणि उष्णतेची किरणं बाहेर जाऊ देत नाही, म्हणून ग्रीनहाऊस तापतं. हे अर्धंच आहे. १९०९ साली आर. डब्ल्यू. वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने दोन खोके घेतले. एकाला काचेचं झाकण, दुसऱ्याला सैंधवासारख्या खनिज मिठाच्या पारदर्शक तुकड्याचं. मिठातून उष्णतेची किरणं आरपार जातात, तरीही दोन्ही खोकी जवळजवळ सारखीच तापली. म्हणजे मुख्य काम होतं ते गरम हवा कोंडून ठेवण्याचं. झाकण उघडं टाका, सगळी जादू खलास. हे लक्षात ठेवा, नाशिकला कामाला येणार आहे.

आता उट्रेख्त ५२ अंश उत्तरेला. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम साडेचौदा अंश वर असतो, आणि दिवस पावणेआठ तासांचा. तिथे मिळेल ते ऊन पकडून ठेवणं ही चैन नाही, गरज आहे. पण काच दुधारी आहे. साध्या एकेरी काचेतून, आतबाहेर एका अंशाचा फरक असेल तर, दर चौरस मीटरमागे जवळपास ५.८ वॉट उष्णता पळते. चांगल्या दुहेरी काचेत हा आकडा १.१ वर येतो, नीट इन्सुलेट केलेल्या भिंतीत ०.२ वर. म्हणजे बाहेर शून्य, आत २० आणि ८० चौरस मीटर एकेरी काच असेल तर रात्रभर सव्वानऊ किलोवॉट नुसते आकाशाला दान.

आणि इथे रेस्टॉरंट आत शिरतं. शांत बसून जेवणारा माणूस साधारण १०० वॉटचा हीटर असतो. खरंच. शंभर माणसं जेवायला बसली की दहा किलोवॉट. म्हणजे काचेतून जेवढी गळती, तेवढी भरपाई जेवणारेच करून देतात, वर बिलही भरतात! स्वयंपाकघराची उष्णता वेगळीच. म्हणून काचघर आणि खानावळ ही जोडी थंड देशात बसते. घरात जो कचरा मानून बाहेर फेकतात तो इथे कामाला येतो.

मात्र पाहुणे रात्री अकराला घरी जातात. झाडं तिथेच राहतात. मग ती ऊब साठवायची कुठे? काचेत साठत नाही. जड वस्तूत साठते. वीट, वाळू, पाणी. उट्रेख्तला वाळूवर मांडलेल्या त्या जुन्या विटा आठवा. मला सुरुवातीला वाटायचं की हा नुसता रेट्रो लूक आहे. पण त्यांच्याखालून जमीन गरम करायची सोय आहे, आणि एवढं वजन एकदा तापलं की हळूहळू निवतं. आपल्याकडच्या जाड मातीच्या भिंतीचंच तत्त्व, उताणं झोपवलेलं.

माणसं आणि झाडं एकमेकांना हवा देतात, हे ब्रोशरमधलं लाडकं वाक्य. त्यातही तथ्य किती ते बघू. बसलेला माणूस तासाला ३५ ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. शंभर जणांचे साडेतीन किलो. भर उन्हात दाट पीक एका चौरस मीटरमागे तासाला पाचेक ग्रॅम खेचतं. ८० चौरस मीटरचे झाले ४०० ग्रॅम. म्हणजे झाडांना पोटभर मिळतं, पण माणसांची हवा शुद्ध करायला ती पुरी पडत नाहीत. शिवाय रात्रीच्या जेवणाला सूर्यच नसतो, तेव्हा झाडंही आपल्यासारखीच श्वास सोडत बसतात. खिडक्या आणि पंखे लागणारच.

उलट झाडं देतात ती दुसरीच गोष्ट, ओलावा. दाट पीक उन्हाच्या दिवशी चौरस मीटरमागे दोन-तीन लिटर पाणी पानांतून हवेत सोडतं. ८० चौरस मीटरमागे रोजच्या आठ ते बारा बादल्या. थंडीत हे पाणी गार काचेवर जमतं आणि थेंब थेंब खाली. तुमच्या सूपमध्ये. टोमॅटोला हवी दमट उबदार हवा, माणसाला कोरडी, आणि स्वयंपाकघराचा तेलकट धूर दोघांनाही नको. म्हणून शहाणी माणसं या तिघांना एकाच खोलीत ठेवत नाहीत. उट्रेख्तला ग्रीनहाऊस वरच्या मजल्यावर स्वतंत्र आहे. फोटोत सगळं एकच मोकळं जग वाटतं, पण आतली वाटणी असतेच. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच ॲप दिसतं, पण मागे तीन वेगळ्या सर्व्हिस चालू असतात, एक पडली तर बाकीच्या तगाव्यात म्हणून.

बरं, भाजी फार नाही, ऊब थोडीफार. मग मी या इमारतीला भाव का देतोय? तर त्या १५ वर्षांसाठी.

ती उभी आहे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी सांगाड्यावर, सगळं नट-बोल्टने जोडलेलं, ग्रीनहाऊस बांधतात त्याच धर्तीवर. पायासुद्धा ओतलेला नाही. तयार काँक्रीटचे ठोकळे मांडलेत, उचलले की निघाले. आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे इमारतीची मापं आधी ठरवून काच कापलेली नाही. बराकीतून निघालेली काच जेवढी होती, त्या मापावरून इमारतीची मापं ठरली. सॉफ्टवेअरमध्ये आपण आधी डिझाईन करतो आणि मग लायब्ररी शोधतो. इथे उलटं. हातात काय आहे ते आधी बघितलं.

हे नवीन वाटेल, पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका माळ्याने हेच केलं होतं. जोसेफ पॅक्स्टन. चॅट्सवर्थला ड्यूक ऑफ डेव्हनशायरकडे मुख्य माळी. ग्रीनहाऊस बांधून बांधून हात बसलेला. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये जागतिक प्रदर्शन भरायचं होतं, आणि अट अशी की प्रदर्शन संपल्यावर बाग पूर्ववत मोकळी झाली पाहिजे. पॅक्स्टनने ५६० मीटरहून लांब काचघर दिलं, तेच 'क्रिस्टल पॅलेस'. त्या काळी कारखान्यातून सर्रास मिळणारं मोठं तावदान ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद होतं, आणि इमारतीची सगळी मांडणी त्या तावदानावरून निघाली. जवळपास तीन लाख तावदानं. बागेतली मोठी एल्म झाडं तोडली नाहीत, इमारतच त्यांच्यावरून नेली. आत खाण्यापिण्याची ठिकाणं होती, त्याचा ठेका श्वेप्सकडे होता, हो, तेच सोडावाले. म्हणजे झाडं, खाणं आणि लोकांनी जमायची जागा, तिन्ही एका काचेखाली. प्रदर्शन संपलं, सांगाडा सुटा केला, आणि १८५४ साली लंडनच्या दक्षिणेला सिडनहॅमला परत उभा राहिला.

यातही एक मेख आहे. सिडनहॅमला तो होता तसा उभा केला नाही, भरपूर वाढवला, आणि खर्च इतका झाला की चालवणारी कंपनी त्या ओझ्याखालून कधी निघालीच नाही. १९११ मध्ये दिवाळखोरी, १९३६ मध्ये आगीत सगळं खाक. सुटी होणारी इमारत आपोआप स्वस्त किंवा चिरंजीव होत नाही. ती फक्त पुढच्या माणसाला पर्याय देते.

आणि तो पर्याय वापरायला कागद लागतात. कुठला बोल्ट कुठे, कुठला पत्रा कोणत्या धातूचा, कोणती काच किती जाड. नेदरलँड्समध्ये २०१७ पासून 'माडास्टर' नावाची नोंदवही आहे, तिथे इमारतीतल्या मालाचा पासपोर्टच बनवतात. डॉक्युमेंटेशनला कंटाळणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऐकून जरा चपराक बसल्यासारखं होतं.

आता हॉलचं. 'कम्युनिटी स्पेस' हा शब्द सगळे प्रोजेक्टमध्ये घालतात आणि पहिल्या वर्षानंतर तिथे खुर्च्यांची थप्पी लागते. उट्रेख्तच्या मीटिंगच्या खोल्या चालतात, कारण आजूबाजूला ऑफिसं आहेत. पण गल्लीतल्या आजी तिथे येऊन बसल्यात असं मी कधी पाहिलं नाही. 'डे कास' सुंदर आहे, पण तिथे जेवायचं तर खिसा बघून. मला पटलेलं उदाहरण कोपनहेगनचं आहे, 'ऑस्टरग्रो'. ऑस्टरब्रो भागात जुन्या गाड्यांचा लिलाव व्हायचा त्या इमारतीच्या छतावर २०१४ पासून ६०० चौरस मीटरची शेती आहे. परिसरातले सभासद हंगामाचे पैसे आधीच भरतात आणि भाजीतला वाटा नेतात, पाऊस जास्त झाला तर तोटाही वाटून घेतात. छतावरच्या ग्रीनहाऊसमध्ये रेस्टॉरंट आहे, तिथे एक लांबलचक टेबल. अनोळखी माणसं शेजारी शेजारी बसून जेवतात. आपल्याकडच्या पंगतीसारखंच की! तिथे समाज आधी जमला आणि हॉल नंतर आला. पैसे अडकलेला माणूस दर आठवड्याला येतो.

तर दादा, आता नाशिक.

२० मेच्या आसपास सूर्य तुमच्या बरोबर डोक्यावर असतो. स्वच्छ आकाशाखाली दर चौरस मीटरवर हजार वॉटच्या जवळपास ऊन पडतं. ८० चौरस मीटर काचेच्या छतातून त्यातलं साठ-सत्तर टक्के आत आलं तरी ५० किलोवॉट. दीड टनाचा एसी साधारण पाच किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे दहा एसी, फक्त छताचं पाप धुवायला. उट्रेख्तला जी काच वरदान आहे ती इथे तुम्हाला विजेच्या बिलात बुडवेल. वुडचं झाकण आठवा. तिकडे हवा कोंडायची असते, आपल्याला ती सोडायचीय.

ज्ञान लांब जाऊन आणायची गरज नाही. मावळात गुलाबाची पॉलिहाऊस बघून या. जीआय पाइपचा सांगाडा, प्लास्टिकचा कागद, बाजूचे पडदे गुंडाळायची सोय, आणि वरच्या टोकाला कायम उघडी फट, गरम हवा आपोआप वर चढून निघून जाते. आत शेडनेट ओढायची सोय. कुठे कुठे ओल्या पॅडमधून पंख्याने हवा ओढतात. एक लिटर पाणी वाफ होताना ०.६८ युनिट उष्णता खातं, त्यामुळे मे महिन्याच्या कोरड्या हवेत हे झकास चालतं. जुलैत हवा आधीच ओली, तेव्हा पॅडवर भरवसा ठेवू नका. आणि प्लास्टिकचा कागद साधारण तीन-चार वर्षांनी बदलावा लागतो, तो खर्च आणि तो कचरा कुठे जाणार हे आत्ताच कागदावर घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर झाडांचं पॉलिहाऊस छोटं आणि वेगळं बांधलं असतं, जेवायची जागा त्याच्या उत्तरेला, कौलाच्या किंवा इन्सुलेटेड पत्र्याच्या छपराखाली, रुंद पडवी काढून. मधली भिंत काचेची, म्हणजे गिऱ्हाईकाला हिरवं दिसतं, ऊन लागत नाही, आणि ओलावा तिकडेच राहतो. स्वयंपाकघर वाऱ्याच्या खालच्या बाजूला. भांडी धुतलेलं पाणी चरबी अडवून, गाळून बागेला. सांगाडा सगळा बोल्टचा, वेल्डिंग शक्य तितकं टाळून. जुनी पॉलिहाऊस सुटी करून विकतात, त्यांचे पाइप तपासून घेता येतील. दारं-खिडक्या पाडलेल्या वाड्यांच्या सागवानाच्या. पण ते आधी विकत घ्या, मापं घ्या, आणि मग आर्किटेक्टकडे जा. बराकीच्या काचेसारखं. तुमच्याकडचा मांडववाला यातलं निम्मं काम डोळे मिटून करतो. हजार माणसांचं जेवण होईल असा हॉल तो दोन दिवसांत उभा करतो आणि तिसऱ्या दिवशी ट्रकमध्ये भरून नेतो. त्याला पहिल्या बैठकीला बोलवा.

हॉल मात्र शेवटी बांधा. आधी एक हंगाम त्याच तुकड्यावर झाडाखाली आठवडी भाजी वाटून बघा, चाळीस-पन्नास घरांनी आगाऊ पैसे भरले तर किती जागा लागते ते त्यातूनच कळेल, आणि कर्जाचा आकडाही बहुतेक खाली येईल. बचत गटाच्या बायकांना विचारा की बैठक किती वाजता असते आणि त्या वेळी सावली कुठे पडते. प्लॅन घेऊन परत मेल करा, पाइपांची मापं त्यात नक्की लिहा.